प्लगचा गॅप नेमका किती ठेवायचा, आणि ई२० आलं म्हणून तो बदलायचा का?

गेले कित्येक महिने आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर, नातेवाईकांच्या ग्रुपवर एकच मेसेज फिरतोय, की पंपावर आता ई२० पेट्रोल (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) मिळतंय म्हणून गाडीच्या स्पार्क प्लगचा, म्हणजे इंजिनात ठिणगी पाडणाऱ्या प्लगचा, गॅप कमी करून घ्या, गेलेला अ‍ॅव्हरेज परत येईल. दुसऱ्या ग्रुपवर नेमकं उलटं, गॅप वाढवा म्हणे. नाशिकच्या सिडकोतल्या माझ्या मावसभावाने तर खरंच गॅरेजला जाऊन स्कूटरचा गॅप दाबून आणला, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला जाताना गाडी प्रत्येक सिग्नलला बंद. त्याचा फोन आला, "दादा, आता काय करू?" त्याला फोनवर जे तुटक तुटक सांगितलं तेच इथे नीट लिहितोय, कारण हा प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही.

गॅप म्हणजे काय

प्लग काढून त्याचं टोक बघा. मधोमध एक बारीक दांडा असतो आणि बाजूने वर येऊन त्याच्यावर वाकलेली एक पट्टी असते. या दोघांच्या मधे जी फट आहे तो गॅप. दांड्याला कॉइलकडून, म्हणजे बॅटरीचं व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाकडून, करंट येतो, पट्टी इंजिनच्या बॉडीला म्हणजे अर्थला जोडलेली. मधे हवा आणि पेट्रोलचं मिश्रण. हवा करंट जाऊ देत नाही, पण व्होल्टेज वाढवत नेलं तर एका क्षणी हवा हार मानते आणि ठिणगी पडते. ६००० आरपीएमला फिरणाऱ्या फोर स्ट्रोक इंजिनात एका सिलेंडरमधे सेकंदाला ५० वेळा पेट्रोल पेटवावं लागतं, आणि हे सगळं त्या एक मिलिमीटरपेक्षाही कमी फटीत.

बहुतेक बाइक आणि स्कूटरला हा गॅप ०.७ ते ०.९ मिमीच्या आसपास असतो, पेट्रोल कारला साधारण ०.८ ते १.१. म्हणजे आपण बोलतोय ते केसाएवढ्या फरकाबद्दल, आणि तरी त्याने गाडीचा स्वभाव बदलतो.

कुकरची शिट्टी डोळ्यासमोर आणा

कुकरमधे वाफ तयार होत राहते, प्रेशर वाढतं, आणि शिट्टीचं वजन जेवढं असेल तेवढं प्रेशर झालं की शिट्टी होते. वजन हलकं असेल तर लवकर होते पण आत दम नसतो, डाळ कच्ची राहते. वजन जास्त असेल तर उशिरा होते पण जोरात. आणि वजन फारच जास्त ठेवलं तर शिट्टी होतच नाही, वाफ रिंगच्या बाजूने फुसफुसत निघून जाते.

कॉइल म्हणजे तो कुकर आणि गॅप म्हणजे शिट्टीचं वजन. कॉइल १२ व्होल्टच्या बॅटरीवरून व्होल्टेज वाढवत नेते, १० हजार, १५ हजार, आजच्या कॉइल ३० हजारांच्याही पुढे जातात, पण नेमकी किती हजारावर ठिणगी पडणार हे कॉइल ठरवत नाही, गॅप ठरवतो. गॅप लहान असला तर थोड्या व्होल्टेजवर भागतं. मोठा असला तर जास्त लागतं. आणि कॉइलच्या ताकदीबाहेरचा असला तर करंट दुसरी वाट शोधतो, प्लगच्या कॅपमधून, वायरच्या तड्यातून, प्लगच्या पांढऱ्या चिनी मातीवरच्या कार्बनवरून, आणि सिलेंडरमधे त्या वेळेस ठिणगीच पडत नाही. यालाच आपले मेकॅनिक गाडी मिसिंग मारते म्हणतात. अशी गाडी बराच काळ चालवली तर कॉइलचं इन्सुलेशनही खराब होतं, कारण तिला रोज तिच्या शेवटच्या टोकापर्यंत ताणलं जातं.

मग लहानच ठेवू ना, ठिणगी पक्की पडेल

हा पहिला प्रश्न सगळ्यांचा, आणि मावसभावाचंही नेमकं हेच झालं. ठिणगी पडणं वेगळं आणि पेट्रोल पेटणं वेगळं.

ठिणगीने आधी एक इवलासा ज्वाळेचा गोळा तयार होतो. तो स्वतःच्या जोरावर वाढला तर पुढे सगळं मिश्रण पेटतं. पण त्याच्या दोन्ही बाजूंना धातू आहे, दांडा आणि पट्टी, आणि धातू उष्णता खेचून घेतो. दोन थंड तव्यांच्या मधल्या फटीत काडी पेटवून बघा, तवे जितके जवळ तितकी काडी लवकर विझणार. गॅप फार लहान असला की तो गोळा जन्मतःच गार पडतो. वेगात असताना सिलेंडरमधे भरपूर मिश्रण दाबून भरलेलं असतं त्यामुळे निभतं, पण आयडलला, म्हणजे गाडी उभी आणि इंजिन चालू, थ्रॉटल बंद असताना, आत मिश्रण थोडं असतं, त्यात जुना धूर मिसळलेला असतो, आणि तिथे अशक्त ठिणगी पुरत नाही. म्हणून सिग्नलला गाडी बंद. डिसेंबर-जानेवारीत निफाडचा पारा खाली जातो त्या दिवसात सकाळी तर अजून वाईट, कारण थंडीत पेट्रोलची वाफच नीट होत नाही.

मोठ्या गॅपचा फायदा खरा आहे हे मान्य करायला पाहिजे. ठिणगी लांब, गोळा मोठा, पातळ, म्हणजे पेट्रोल कमी असलेलं, मिश्रणही पेटतं, आयडल गुळगुळीत. म्हणूनच कॉइल सुधारल्या तसे कंपन्यांनी गॅप वाढवत नेले. जुन्या सीबी पॉइंटवाल्या (ठिणगीसाठी करंट तोडणारा यांत्रिक स्विच असलेल्या) गाड्यांना ०.६ असायचा कारण त्यांच्या कॉइलमधे तेवढाच दम होता.

घाटात का कळतं

ही गोष्ट माझ्या स्वतःच्या गाडीची. तीन वर्षांपूर्वी मुंबईहून येताना, पाच माणसं, सामान, एसी चालू, कसारा घाट चढायला लागलो आणि गाडी झटके मारायला लागली, चेक इंजिनचा लाइट लुकलुकायला लागला. एसी बंद करून हळूहळू इगतपुरीला पोचलो, पुढे सपाट रस्त्यावर नाशिकपर्यंत गाडी एकदम व्यवस्थित. एका गॅरेजने सांगितलं पेट्रोलमधे कचरा आहे, फिल्टर बदलला. दुसऱ्याने इंजेक्टर साफ केले. पैसे गेले आणि पुढच्या घाटात परत तेच. शेवटी मीच प्लग काढले, पुस्तकात १.० ते १.१ लिहिलंय आणि चारही प्लग १.४ च्या आसपास निघाले. प्लग बदलले, घाट सरळ चढली.

असं का होतं? मोकळ्या हवेत एक मिलिमीटर फट ओलांडायला साधारण तीन-चार हजार व्होल्ट पुरतात. पण सिलेंडरमधे ती हवा मोकळी नसते, पिस्टनने नवव्या-दहाव्या हिश्श्यात दाबलेली असते, आणि दाट हवेतून ठिणगी पाडायला कितीतरी जास्त व्होल्टेज लागतं. हा नियम १८८९ मधे पाशेन नावाच्या जर्मन शास्त्रज्ञाने मांडला, दाब आणि अंतर यांच्या गुणाकारावर व्होल्टेज ठरतं. आता सपाट रस्त्यावर पॅडल जरासंच दाबलेलं असतं, सिलेंडर अर्धवटच भरतो, त्यामुळे १.४ चा गॅपही कॉइलला झेपतो. घाटात पॅडल पूर्ण दाबलं की सिलेंडर गच्च भरतो, दाब वाढतो, आणि तिथे कॉइल कमी पडते.

यातून एक खूण लक्षात ठेवण्यासारखी आहे. आयडलला नीट पण चढाला, डबल सीटला, जोरात अ‍ॅक्सिलरेटर दिल्यावर झटके, तर वाढलेल्या गॅपचा किंवा कमजोर कॉइलचा संशय घ्या. उलट रस्त्यावर नीट पण आयडलला थरथर आणि बंद पडणं, तर गॅप लहान असू शकतो. दुसरी कारणंही असतात, पण प्लग बघणं सगळ्यात स्वस्त म्हणून ते आधी करा. आणि लाइट लुकलुकत असेल तर तसंच रेटू नका, न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरकडे जाऊन धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधे पेटतं आणि तो भाग प्लगच्या कित्येक पट महाग आहे.

प्लग बाहेर काढून ठिणगी बघितली, निळी पडतेय, मग?

गॅरेजमधे प्लग कॅपला लावून इंजिनच्या हेडला टेकवतात, किक मारतात, टक टक निळी ठिणगी दिसते आणि प्लग ओके ठरतो. वरचं वाचलं असेल तर यातली चूक लगेच कळेल. ती ठिणगी मोकळ्या हवेत पडली, दाबात नाही. या टेस्टमधे ठिणगी पडली नाही तर बिघाड नक्की आहे, पण पडली म्हणून प्लग चांगला हे सिद्ध होत नाही. माझे ते १.४ वाले प्लगही बाहेर मस्त ठिणगी देत होते.

आता ई२० बद्दल

ई२० म्हणजे पेट्रोलमधे २० टक्के इथेनॉल. इथेनॉलच्या एका लिटरमधे पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे शुद्ध पेट्रोलशी तुलना केली तर ई२० च्या लिटरमधे सहा-सात टक्के ऊर्जा कमी भरते, ई१० शी तुलना केली तर त्याच्या निम्मी. ही ऊर्जा टाकीतच नाही. पिशवीत धान्यच कमी असेल तर चक्की कितीही नीट लावली तरी पीठ वाढणार नाही, तसं प्लगचा गॅप कमी करा नाहीतर वाढवा, तो पेट्रोल पेटवण्यापुरता असतो.

गॅप ठरतो दोन गोष्टींवर, कॉइलची ताकद आणि सिलेंडरमधला दाब. २० टक्के इथेनॉलने कॉइल बदलत नाही आणि इंजिनचं कॉम्प्रेशनही बदलत नाही. इंजेक्शनच्या गाडीत सायलेन्सरमधला ऑक्सिजन सेन्सर मिश्रण पातळ झालेलं ओळखतो आणि ईसीयू, म्हणजे इंजिनचा कॉम्प्युटर, पेट्रोल थोडं वाढवतो. जुन्या कार्बोरेटरच्या बाइकला हे जमत नाही, तिथे मिश्रण किंचित पातळ होतं, आणि पातळ मिश्रणाला लहान गॅप तर अजूनच वाईट हे वर बघितलंच. म्हणजे तो मेसेज जुन्या गाडीवाल्यांचं जास्त नुकसान करतोय. जुन्या गाड्यांच्या रबरी नळ्या, ओरिंग, सील यांना इथेनॉल त्रास देऊ शकतं ही काळजी खरी आहे, त्यासाठी मेकॅनिककडून त्या बघून घ्या. पण त्यात प्लगचा काही संबंध नाही.

सीएनजी आणि टर्बोचं मात्र वेगळं

इथे गॅपचा विचार खरंच करावा लागतो. सीएनजी वायू म्हणूनच आत जातो, पेट्रोलसारखा वाफ होताना गारवा देत नाही, आणि त्याला पेटवायला जास्त जोर लागतो, कॉइलवर ताण येतो. म्हणून पेट्रोल कारला बाहेरून किट बसवलं की गॅप साधारण ०.१ ते ०.२ मिमी कमी ठेवतात, आणि प्लग पेट्रोलच्या हिशोबापेक्षा लवकर बदलतात. पण कंपनीतूनच सीएनजी आलेली गाडी असेल तर कंपनीने हा विचार आधीच केलेला असतो, तिथे पुस्तकातला आकडा हाच खरा, त्यातून अजून कमी करू नका.

टर्बो पेट्रोलमधे हवा पंप करून ठासून भरलेली असते म्हणजे दाब अजून जास्त, त्यामुळे त्यांचा गॅप बऱ्याचदा ०.७-०.८ च्या आसपास दिसतो. साध्या इंजिनचा प्लग टर्बोला बसतोय म्हणून लावू नये, आट्या सारख्या असल्या तरी.

डिझेलचा प्लग?

नाशिकच्या मायको सर्कलवरून रोज हजारो लोक जातात. मायको हे नाव आपल्या वडिलांच्या पिढीला स्पार्क प्लगच्या डबीवरून पाठ होतं, आणि गंमत अशी की त्याच कंपनीचा, म्हणजे आजच्या बॉशचा, सातपूरचा कारखाना ओळखला जातो डिझेलच्या नोझल आणि इंजेक्टरसाठी. डिझेल इंजिनला स्पार्क प्लग नसतोच, तिथे हवा इतकी दाबतात की ती तापून डिझेल आपोआप पेटतं. डिझेल गाडीत असतो तो हीटर प्लग, थंडीत सुरू होताना आतली जागा गरम करणारा, त्याला गॅप नसतो. त्यामुळे ट्रॅक्टरच्या प्लगचा गॅप किती ठेवू असं गावाकडून कोणी विचारलं तर उत्तर एवढंच.

शेतात गॅपवाला प्लग असतो तो पाठीवरच्या पेट्रोल फवारणी पंपाला, ब्रश कटरला, छोट्या जनरेटरला. या छोट्या इंजिनांना बहुतेक ०.६ ते ०.८ च्या मधला गॅप लागतो. टू स्ट्रोक पंपाचा प्लग मात्र गॅप बरोबर असूनही ऑइलने ओला होऊन बंद पडतो, तिथे ऑइलचं प्रमाण आधी बघा. द्राक्षाची फवारणी ऐनवेळी थांबते तेव्हा नवा प्लग खिशात असलेला बरा.

मोजायचा कसा

जुने मेकॅनिक हॅक्सॉ ब्लेड फटीत घालून गॅप सेट करायचे, आणि त्यात तथ्य होतं कारण ते ब्लेड साधारण ०.६५ मिमी जाड असतं आणि तेव्हाच्या गाड्यांना ०.६-०.७ च पाहिजे असायचा. आज ०.९ वाल्या बाइकला तेच ब्लेड लावलं की गॅप एक चतुर्थांशाने कमी होतो. मावसभावाकडेही हेच झालं असणार असं मला वाटतं.

फट मोजायचा फिलर गेज घ्या, स्पेअरच्या दुकानात मिळतो, फार महाग नाही. नवीन प्लगला पट्टीवाला चालतो. वापरलेल्या प्लगला तारवाला बरा, कारण ठिणगीने धातू झिजून खळगा पडतो, सपाट पट्टी त्या खळग्याच्या काठांवर टेकते आणि गॅप आहे त्याच्यापेक्षा कमी वाटतो. गेज किंचित घासत सरकला पाहिजे, ढिला नको आणि जोर लावून पण नको. गॅप कमी करायचा तर पट्टी कडक जागेवर अलगद टेकवत ठोका, वाढवायचा तर फक्त पट्टी वाकवा. मधल्या दांड्यावर स्क्रू ड्रायव्हरचा टेकू देऊन कधीच उचकटू नका, आतली चिनी माती तडकते, बाहेरून दिसत नाही आणि नंतर मिसिंग मात्र मागे लागतं.

इंजिन थंड असतानाच प्लग खोला, आणि खोलायच्या आधी आजूबाजूची धूळ हवेने उडवा, नाहीतर ती सरळ सिलेंडरमधे जाते. परत बसवताना आधी हाताने फिरवा, हेडमधल्या आट्या अ‍ॅल्युमिनियमच्या असतात, तिरका बसला तर हेडचं काम निघतं. नवीन वॉशरवाला प्लग हाताने टेकल्यावर साधारण अर्धा फेरा पान्याने, बस.

कंपनीतून सेट होऊन येतो ना?

येतो, आणि बहुतेक वेळा बरोबर असतो. एनजीके कंपनीच्या प्लगच्या नंबरात शेवटी ९ असेल तर ०.९ मिमी आणि ११ असेल तर १.१, असा गॅप नंबरातच लिहिलेला असतो. पण डबी दुकानात पडली की पट्टी दबते. म्हणून नवा असला तरी एकदा गेज घालून बघायचा, अर्धा मिनिट लागतो.

त्याच नंबरात मधला आकडा असतो तो गॅपचा नाही, प्लग किती गरम राहतो त्याचा. त्यातही एनजीकेचा आकडा मोठा म्हणजे प्लग थंड आणि बॉशचा आकडा मोठा म्हणजे प्लग गरम, असं उलटं आहे, त्यामुळे ब्रँड बदलताना आकडा जुळवू नका, दुकानदाराकडून चार्ट बघून घ्या. प्लग काळा पडतो किंवा पांढरा दिसतो तो मिश्रणामुळे, ऑइलमुळे नाहीतर या गरम-थंड प्रकारामुळे, गॅप कमीजास्त करून रंग सुधारत नाही.

घासून गॅप परत लावला की झाला ना नवा?

नाही होत, आणि याचं कारण मला स्वतःला कळलं तेव्हा फार पटलं. करंट टोकदार कडेवरून सहज उडी मारतो, गोल कडेवरून त्याला जास्त व्होल्टेज लागतं. नवीन प्लगच्या दांड्याची कड तीक्ष्ण असते. झिजलेल्याची गोल झालेली असते, मग गॅप आकड्याला बरोबर लावला तरी कॉइलला कष्ट जास्तच. रस्त्यात अडलात तर घासून घरी या, पण घरी आल्यावर बदला.

इरिडियम या धातूचं टोक असलेल्या प्लगचं गुपित पण हेच आहे. इरिडियम २४०० डिग्रीच्या पुढे वितळतं, साध्या प्लगमधलं निकेल १४५५ ला, त्यामुळे इरिडियमचं टोक अर्ध्या मिमीएवढं बारीक करता येतं आणि ते टिकतं. बारीक टोक म्हणजे कमी व्होल्टेज, आणि गॅप वाढायला खूप जास्त किलोमीटर लागतात. ज्या गाडीत जुना प्लग झिजलेला होता तिथे फरक जाणवेल, ज्या गाडीत साधा प्लग चांगला होता तिथे अ‍ॅव्हरेज वाढेल अशी अपेक्षा ठेवू नका. आणि इरिडियमला कधी एमरी पेपर लावू नका, ते टोक तिथेच संपतं.

माझ्या गाडीचा आकडा कुठे मिळेल

ओनर मॅन्युअलमधे शेवटी शेवटी एक तक्ता असतो, त्यात प्लगचा नंबर आणि गॅप दोन्ही असतात. ०.८ ते ०.९ असं दिलं असेल तर मी नवीन प्लग खालच्या आकड्याला लावतो, ०.८ ला, कारण वापराने गॅप वाढतच जाणार, कमी कधीच होणार नाही, म्हणजे वाढायला जागा राहते. आणि प्लगच्या रिकाम्या डबीवर किलोमीटर आणि गॅप लिहून ती डबी डिकीत ठेवतो.

मावसभावाच्या स्कूटरचा गॅप रविवारी मोजला तर ०.६ निघाला, पुस्तकात ०.८ ते ०.९ होता. प्लग तसा नवाच होता म्हणून पट्टी हलकी उचलून ०.८ केला, पेठ रोडला एक चक्कर मारून आलो, सिग्नलला दोन मिनिटं उभी राहिली, बंद पडली नाही. अ‍ॅव्हरेज आहे तेवढाच आहे.